क्लबमधली पातळ व्हिस्की

ती केस आठवली की आजही आधी हसू येतं. भोपाळच्या एका सरकारी टाउनशिपचं ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. सकाळची हजेरी चालू असतानाच टाउनशिपच्या क्लबचे एक ज्येष्ठ सभासद तावातावाने आत आले.

"तो काउंटरवाला व्हिस्कीत पाणी घालतोय. माझी जीभ मला फसवत नाही!"

काउंटर सांभाळणारे काका मूळचे उज्जैनचे, निवृत्तीला आलेले. क्लबने त्यांना घरी बसवलंच होतं. आरोप सिद्ध झाला असता तर नोकरीबरोबर राहतं क्वार्टरही गेलं असतं. मी चौकशी केली तेव्हा ते रडले नाहीत, चिडले. "साहेब, बाटली आली तशीच मी ओततो. पाहिजे तर सगळं कपाट घेऊन जा!"

कपाट नाही, पण पंचनामा करून उघड्या बाटलीबरोबर सीलबंद बाटल्याही जप्त केल्या आणि नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या रसायनतज्ज्ञ बाई नागपूरच्या. त्यांनी समजावलं, "नमुन्यातून इन्फ्रारेड किरण सोडायचे. अल्कोहोल, साखर, प्रत्येक पदार्थ आपापले ठरावीक किरण शोषतो. किती शोषले, त्यावरून प्रमाण कळतं." मग हसून म्हणाल्या, "तुमच्या काकांना सोडा. सीलबंद बाटल्यांतही तेच आहे. अल्कोहोल कमी, साखर भरपूर."

म्हणजे भेसळ क्लबात पोचण्याआधीच झाली होती. माल मंडीदीपच्या एका गोदामातून यायचा. गोदामाचा मालक पान चघळतच ठाण्यात आला. काहीही विचारलं तरी त्याचं एकच पालुपद, "साहब, सील देखिए, सील!"

मी रिपोर्टचं नावही काढलं नाही. हवालदाराकडे वळून म्हणालो, "छोड़ो, किसी अनाड़ी का काम है. सिर्फ पानी मिला दिया."

मालकाला ते लागलं. "सिर्फ पानी? फिर रंग कहाँ से आता? जली शक्कर डालनी पड़ती है, साहब!"

बोलून गेला आणि पान चघळायचा थांबला.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून लगेच झडती घेतली. गोदामाच्या मागच्या खोलीत सील मारायचं यंत्र, रिकाम्या बाटल्या आणि काळ्या पाकाचं पातेलं सापडलं.

सभासदांची जीभ खरी होती, बोट तेवढं चुकीच्या माणसाकडे होतं. तक्रारीत बहुधा समोर दिसणाऱ्याचंच नाव येतं; त्याच्या हातात वस्तू आली कुठून, हे आधी बघायचं. नव्या फौजदारांना मी पुढे हेच सांगत आलो.

काका कामावर परतले त्या संध्याकाळी ते सभासद सगळ्यांदेखत काउंटरपाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. काकांनी ग्लास पुसून समोर ठेवला आणि विचारलं, "पाणी की सोडा?"