मैत्रिणीला शिकवताना

कंपनीतली नोकरी सुटल्यावर मला नाशिकमध्ये एक कंत्राटी काम मिळालं. सरकारी कार्यालयांतल्या संगणक विभागाच्या लोकांना एआय शिकवायचं. पहिल्याच दिवशी वर्गात माझी कॉलेजातली मैत्रीण बसलेली दिसली. आम्ही दोघी पंचवटीतून एकाच स्कूटीवर कॉलेजला जायचो. तिनं सरकारी नोकरी धरली तेव्हा मी म्हणाले होते, "तिथं गंजून जाशील."

आता तिच्या विभागात एआय कक्ष सुरू होणार होता आणि त्याचं प्रमुखपद फक्त सेवेतल्यांसाठी होतं. म्हणजे शिकवायचं मी आणि खुर्चीत बसायचं त्यांच्यातल्या कुणीतरी.

सुरुवातीला ती अडखळायची आणि मला बरं वाटायचं. मग एकदा, नागरिकांच्या तक्रारी वाचून योग्य खात्याकडे धाडणारा प्रोग्राम आम्ही तपासत होतो. 'गावातली डीपी जळाली, लय दिवस अंधार हाय,' ही विजेची तक्रार त्यानं अग्निशमन दलाकडे पाठवली. वर्ग हसला. त्याला कसं सुधारायचं ते मी समजावलं.

ती हसली नव्हती. "तो सुधारेपर्यंत त्या गावाला उत्तर कोण देणार?" तिनं विचारलं. "मशीनला खात्री नसेल तेव्हा तक्रार माणसाकडे यायला हवी. आणि तो माणूस कोण, ते तक्रार करणाऱ्याला कळायला हवं."

मागे बसलेल्या, तिच्या विभागाच्या साहेबांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. हे मला सुचायला हवं होतं. दुपारी तिनं डबा पुढे केला, तर मी भूक नाही म्हणून सांगितलं.

प्रमुखपद तिलाच मिळालं. संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, मला धडकी भरलीय. वरिष्ठांपुढे प्रोग्राम दाखवायचाय. येशील?"

न जाण्याची कारणं शोधली, आणि गेले. सगळं नीट पार पडलं. शेवटी तिनं मला उभं केलं. "या माझ्या शिक्षिका. यांच्यामुळे जमलं." टाळ्या वाजल्या. मला तिचा जास्तच राग आला. तिनं श्रेय लाटलं असतं, तर हेवा करायला निदान हक्काचं कारण मिळालं असतं.

कंत्राट संपल्यावरही अडलं की ती फोन करते आणि मी सांगते. मागच्या आठवड्यात तिच्या केबिनमध्ये गेले होते. तिनं चहा मागवला, तेवढ्यात तिला कुणाचा तरी फोन आला. ती बोलत होती तोवर मी खोली न्याहाळत बसले. ऐसपैस होती, उजेडही भरपूर. मला हवी होती ती.