काकांनी न धरलेलं सुतक

बाबा गेले ते ऐन गणपतीच्या तोंडावर. काळाचौकीच्या आमच्या घरात आई आणि मी सुतक धरून बसलो. गावी काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, मात्र गणपती आणला. सख्खा भाऊ गेल्यावर घरात गणपती आणत नाहीत, हे आमच्या कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. काका म्हणाले, भटजींनी वाट काढून दिली. मी मनातल्या मनात त्या भटजींवर चरफडलो. काकांवर संशय घेण्याइतका शहाणा मी तेव्हा नव्हतो.

यंदा ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने मी डीएनए तपासणी केली. नळीत थुंकायचं, ती पाठवायची आणि आपले पूर्वज कुठले यावर डबा खाताना एकमेकांची टर उडवायची, एवढाच मतलब. अहवालात माझी बापाकडची वंशरेषा होती, बापाकडून मुलाकडे उतरत जाते ती. ती म्हणे प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या लोकांत सर्रास आढळते. मी पोट धरून हसलो. नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. भोईवाड्याला आत्या राहते, तिलाही हसवावं म्हणून तिच्याकडे गेलो.

आत्या हसली नाही. तिने टीव्ही बंद केला आणि सांगायला लागली. आजोबा बोटीवर खलाशी होते. त्यांचा एक जोडीदार तिकडच्या कुठल्याशा बेटावरचा. त्याने मुंबईत एका बाईशी संसार मांडला. ती बाळंतपणात गेली आणि तो पुढच्याच फेरीत समुद्रात बुडाला. त्यांचं तान्हं मूल आजोबांनी घरी आणलं. ते बाबा. त्यांचे कुरळे केस आजीच्या माहेरचे, असं मी जन्मभर ऐकत आलो होतो.

बाबांना हे माहीत होतं का, मी विचारलं.

"तुका सांगूचां नाय, असां त्येनाच ठरवल्यान," आत्या म्हणाली.

माझं डोकं फिरलं. याच माणसाने मला मांडीवर बसवून कुळातल्या पुरुषांची नावं पाठ करून घेतली होती. आईला ठाऊक, भावकीतल्या थोरांना ठाऊक. सगळ्यांनी मिळून माझ्या एकट्याच्या तोंडाला पानं पुसली होती.

तिथूनच काकांना फोन लावला. ते दचकलेसुद्धा नाहीत.

"सुतक रगताचां आसतां रे," ते म्हणाले.

आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का, असंही वर विचारलं. बाबा होते तोवर थोरले म्हणून गणपतीच्या पूजेला त्यांनाच बसवायचे, हे खरं आहे. मेल्यावर तेवढं रक्त आठवलं.

घरी येऊन भावकीचा ग्रुप उघडला आणि मागे मागे गेलो. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा काकांनी गावच्या आरतीचा व्हिडिओ टाकला होता. सगळं घर टाळ्या वाजवत होतं. खाली मी, सुतकात बसल्या बसल्या, जोडलेले हात पाठवले होते.