शेळीचा दुसरा कान

माझ्या कलेला आमच्या घरात कुणी कला म्हणत नसे. नवरा 'चिकटवाचिकटवी' म्हणायचा, नणंद 'वहिनीचा पसारा' म्हणायची. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, त्या काहीच म्हणायच्या नाहीत. पुठ्ठा दिसला की उचलून त्यावर पापड वाळत घालायच्या. 'कोलाज' हा शब्द मला पुष्कळ वर्षांनी एका मासिकात भेटला. तोवर माझी समजूत अशी की हे वेड जगात मला एकटीलाच लागलेलं आहे.

महाराष्ट्र होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. मी धाड गावची, लग्न होऊन खामगावला आलेली. नवरा जिनिंग प्रेसमध्ये कारकून होता. कापसाच्या गाठी बांधायच्या बारदानाचे निळ्या शाईची अक्षरं उमटलेले तुकडे तो मला आणून द्यायचा, आणि तेवढ्यावर आपण फार मोठे रसिक आहोत असं समजायचा. गल्लीच्या तोंडाशी एक शिंपीचाचा बसायचे. त्यांच्या मशीनखालचं कातरण मी गोळा करून आणायचे. आधी त्यांना वाटलं मी बाहुल्या करते, मग वाटलं गोधडी शिवते, शेवटी त्यांनी विचारायचं सोडून दिलं. चहाच्या पुड्यांचा चकचकीत कागद, काडेपेट्यांवरची चित्रं, कांद्याची सालं, सगळं एका पत्र्याच्या डब्यात जमायचं. कणकेची खळ शिजवून त्यात चिमूटभर मोरचूद टाकलं की उंदीर तोंड लावत नाहीत, हे मी पहिली दोन चित्रं उंदरांना खाऊ घालून शिकले.

त्या वर्षी मी धाडचा आठवडी बाजार करायला घेतला होता. म्हणजे पुठ्ठ्यावर. माहेरची आठवण येते असं तोंडाने म्हटलं की सासरी लगेच 'आमच्याकडं काय कमी आहे' सुरू होतं. पुठ्ठ्यावर चिकटवलं तर कुणाला कळत नाही. बारदानाची पालं उभी राहिली, कांद्याच्या सालींचे कांदे झाले, काळ्या अस्तराची एक शेळीही झाली. तिचा एक कान जुन्या लग्नपत्रिकेतून निघाला, आतून फिकट गुलाबी, अगदी खऱ्यासारखा. दुसऱ्या कानासाठी तसाच कागद काही केल्या मिळेना. शेळी दोन आठवडे एका कानाने बाजारात उभी होती, आणि मला पोळ्या लाटतानाही तोच कान दिसायचा.

त्याच सुमारास नणंदेचं लग्न ठरलं, आणि घरात मामांचा विषय निघाला.

मामा म्हणजे आत्याबाईंचे थोरले भाऊ, वरवट बकालला राहायचे. शेती होती, दहाबारा शेळ्या होत्या, आणि राग होता. माझ्याच लग्नात त्यांना मानाचं उपरणं दिलं, तर घडी उलगडताना मधोमध उंदराने कुरतडलेलं भोक निघालं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण मामांनी भर मांडवात त्या भोकातून बोट बाहेर काढून सगळ्यांना दाखवलं, आणि या घराच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही असं बोलून जेवायच्या आधी निघून गेले. चार वर्षं झाली, आले नाहीत. आत्याबाईंना पौषात मोठा ताप आला, तसा निरोप गेला, तरी आले नाहीत.

आता नवरीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं. दुसरा कुणी चुलत मामा उभा करता आला असता, सासरे तसं म्हणालेही. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं, आणि संध्याकाळी चूल न पेटवता भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. पोरीच्या लग्नाला सख्खा भाऊ आला नाही तर माहेर संपलं असं धरून चालीन, एवढंच मला म्हणाल्या. त्या बाईला मी त्याआधी कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि उपरण्याला भोक पाडणाऱ्या उंदराचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कार्ड लिहायला बसवलं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. झालं गेलं विसर, पोरीसाठी ये, असा मजकूर. वऱ्हाडात कार्डाचा मजकूर नंतर वाचतात, आधी कोपरा पाहतात. कोपऱ्याला हळदकुंकू असलं की घरात लग्नकार्य. कोपरा फाडलेला असला की कुणीतरी गेलं. तसं कार्ड घरात नेत नाहीत, दाराबाहेरच फाडून टाकतात. आत्याबाईंनी ओल्या बोटाने कोपऱ्याला हळदकुंकू लावलं, पण बोट जरा जास्तच ओलं होतं. कुंकू पसरलं, शाईत शिरलं, आणि 'पोरीसाठी'वर डाग पडला. असलं कार्ड शुभ नाही, दुसरं लिही, म्हणाल्या. मी दुसरं लिहिलं, त्यांनी या वेळी कोरडी चिमूट लावली, आणि दोन्ही कार्डं मी कोनाड्यात ठेवली.

दुपारी सगळे झोपले. मी डबा काढला. कोनाड्यात डागाळलेलं कार्ड दिसलं. पिवळट कागदावर पसरलेलं कुंकू, आतून फिकट गुलाबी. कोपऱ्याची प्रथा मला माहीत नव्हती असं नाही. धाडमध्येही तीच आहे. पण त्या क्षणी ते माझ्या लेखी कार्ड राहिलंच नव्हतं, तो शेळीचा कान होता. कात्री लावली, तिरका कोपरा काढला, खळ लावून चिकटवला. इतका छान बसला की मी एकटीच हसले. उरलेलं कार्ड परत कोनाड्यात टाकलं, कारण मी कागदाचा चिटोराही फेकत नाही. या सवयीचं माझं मलाच मोठं कौतुक होतं.

सकाळी नवऱ्याने कामावर जाताना कोनाड्यातून कार्ड उचललं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. त्याने पत्ता नीट पाहिला, तसं त्याने मला नंतर शपथेवर सांगितलं. हा माणूस माझ्याकडेही असाच पाहतो: बायको जागेवर आहे ना, बस.

संध्याकाळी दिवा लावताना मला कोनाड्यात चांगलं कार्ड दिसलं. कोपऱ्यावर कोरडी चिमूट, चारही कोपरे शाबूत. म्हणजे पेटीत पडलं होतं ते कोपरा कापलेलं. आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते: मी कुणालाच काही सांगितलं नाही. सकाळी शेजारणीच्या हातून चांगलं कार्डही टाकायला दिलं, आणि पुढचे तीन दिवस ते पहिल्याच्या आधी पोचावं म्हणून देवाला नारळ बोलत राहिले. पोस्टाच्या बाबतीत देवाचं फारसं चालत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही लग्नाच्या शेवया करत बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे बायका दुःखाच्या घरी जाताना गल्लीपासूनच हेल काढून रडायला लागतात, म्हणजे घरच्यांना कळतं कोण आलं ते. आत्याबाईंचे हात पिठाने भरलेले. आपल्या गल्लीत कोण गेलं म्हणून तशाच उठून दारात गेल्या. मी चाळणी खाली ठेवली. मला आवाज ओळखू आला नव्हता, पण कापलेला कोपरा आठवला.

मामी पुढे होती, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. तिला समोरचं काही दिसत नव्हतं. तिने दारातल्या बाईच्या गळ्यात हात टाकले आणि माझी नणंद गेली, माझ्यावर माया करणारी गेली, असं म्हणत तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. गळ्यात पडून कुणी रडलं की आपणही रडायचं, ही रीत. आत्याबाईही रडू लागल्या. अशा त्या दोघी आत्याबाईंसाठी चांगल्या घटकाभर रडल्या. मग आत्याबाईंनी पिठाच्या हाताने डोळे पुसत विचारलं,

"पन गेलं कोन वो?"

मामीने पदर वर केला, समोरचा चेहरा पाहिला आणि मटकन खालीच बसली.

मागे मामा उभे होते. एक पाय उंबऱ्यावर, एक पाय गल्लीत. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. चेहरा असा की माणूस रस्ताभर रडला आहे हे लपत नव्हतं. बहिणीला उभी पाहून त्यांचा तो जुना राग डोळ्यांत चढताना मी पाहिला. तिकडे झालं होतं ते असं: पोस्टमनने लांबूनच कार्ड दिलं, कोपरा नाही म्हणाला. खामगावचं कार्ड, आणि बहीण पौषात आजारी होती. कुणी मजकूर वाचला नाही. कार्ड फाडून टाकलं आणि मिळेल त्या एसटीने निघाले. आणि इथे पाहतात तर बहीण शेवया करते आहे.

"मले बोलवाले मरनाचं कार्ड धाडलं तू?" मामा म्हणाले, आणि उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला.

आत्याबाई शपथा घेऊन सांगत होत्या की मी कुंकवाचं कार्ड धाडलं. नणंद रडत होती. पुरावा वरवटच्या उकिरड्यावर तुकडे होऊन पडलेला. मी गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. पोस्टावर ढकललं असतं तरी चाललं असतं, पोस्ट कुठे उलट उत्तर देतं? पण मामा पाठ फिरवत होते, आणि आत्याबाईंचा चेहरा त्या संध्याकाळसारखा व्हायला लागला होता.

"मामा, कोपरा मी कापला," मी म्हणाले. "शेळीच्या कानासाठी."

असं वाक्य ऐकल्यावर माणसं ओरडतील असं मला वाटलं होतं. कुणी ओरडलं नाही, कारण कुणाला ते कळलंच नाही. मामी बसल्या जागेवरून माझ्याकडे पाहू लागली. डोक्यावर परिणाम झालेल्या सुनेकडे पाहावं तशी. म्हणून मी धावत आत गेले, पुठ्ठा आणला, त्यावरचे पापड बाजूला केले आणि मामांच्या पुढे धरला. हा कान, हे कुंकू, हा कोपरा. दोन कार्डं कशी झाली, चुकीचं कसं गेलं, आणि मी तीन दिवस कशी गप्प बसले, सगळं सांगितलं. सांगताना रडले.

मामांनी पुठ्ठा हातात घेतला. उन्हाकडे वळवला. पालं पाहिली, कांदे पाहिले, शेळीवर बोट ठेवलं. फार वेळ पाहत राहिले.

"सूनबाई, आपल्या इकडल्या शेयीचे कान खाली लोंबतात. हे त सशाचे लावले तू."

एवढ्या संकटातही मला राग आला. मी डोळे पुसून म्हणाले की माझी शेळी दचकलेली आहे, म्हणून कान उभे आहेत. मामा म्हणाले, दहाबारा शेळ्या राखतो, दचकलेली शेळी कान उभे करत नाही, लेंड्या टाकते. तेव्हा आधी मामी हसली, मग नणंद, आणि आत्याबाई तर दाराची चौकट धरून हसल्या. हसता हसता त्यांची नजर मामांच्या काखेतल्या पुडक्यावर गेली, आणि त्यांचं हसू थांबलं.

मामांनी पुडकं पाठीमागे नेलं. पण लपवण्यासारखं काही नव्हतं. आम्हा सगळ्यांनाच कळलं होतं. सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, आणि ते भाऊ आणतो. मामी हळूच सांगू लागली, वाटेत शेगावला उतरून घेतलं, दुकानदाराने कोणासाठी विचारलं तर नुसतं बहिणीसाठी म्हणाले आणि दुकानाबाहेर जाऊन बसले. मामी बोलत असताना मामा खाली पाहत होते. हे घरात नको, नदीत सोडून देतो, अशुभ आहे, असं काहीतरी पुटपुटले.

आत्याबाईंनी हात पुढे केला. मामा देईनात. आत्याबाईंनी ओढूनच घेतलं, कागद फाडला. हिरवंगार लुगडं, लाल काठाचं. चार वर्षांत भावाकडून आलेली पहिली वस्तू. त्यांनी ते तिथेच पूर्ण उलगडलं, उजेडात धरून इकडून तिकडे नीट पाहिलं, आणि भोक नाही म्हणाल्या. मामी नको नको म्हणत असताना आत गेल्या, दार लावलं, आणि थोड्या वेळाने ते नेसून बाहेर आल्या. पिठाचे हात तसेच होते, त्यामुळे पदरावर पांढरी बोटं उठली होती. भावाने नीट पाहावं म्हणून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"पाय भाऊ. मेल्यावर नेसवलं असतं त मले दिसलं असतं काय?"

मामा ओट्यावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. आम्ही कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रडणं ओसरल्यावर आत्याबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं, पाटावर बसवलं आणि बजावलं की पोरीच्या लग्नात मी हेच नेसणार, आणि खरंच मरेन तेव्हा दुसरं आणायचं नाही, एकच बस झालं. मामा म्हणाले, आणीन, मी काय इतका गेलागुजरा नाही. आत्याबाई म्हणाल्या, नाही आणायचं. ते म्हणाले, तू कोण सांगणार, तू त तवा मेलेली असशील. यावर दोघांचं जोरात जुंपलं. मी त्यांना तसंच भांडत ठेवून चुलीवर चहा टाकला, आणि मामांच्या कपात साखर जास्त घातली.