लिफ्टमधली हाळी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली, दिवा गेला आणि माझा जीव कोंडायला लागला. लंडनला लेकाच्या घरी लेक आणि मी वर चाललो होतो. लेकाने भिंतीतल्या फोनवर मदत मागितली. एरवी तो मराठीसुद्धा तिथल्या लोकांसारखी तोंडात घोळवून बोलतो. पण मी मटकन खाली बसले, तशी त्याने बांधावरून देतात तशी लांब हाळी दिली, “ओ बाईऽऽ, दार उघडा की! माझी आई घुसमटली!”

फोनवरच्या गोऱ्या बाईला काय कळणार? मी म्हणाले, “अरं, रानात हायस का? इंग्रजीत सांग की मेल्या!”

इतक्या वर्षांत कमावलेला सूर भीतीने एका झटक्यात गेला. दार उघडणाऱ्या माणसाचे आभार मानताना लेकाने तो परत चढवला. चढवावाच लागतो, त्याचं पोट तिथं आहे. माझा सूर मात्र होता तसाच आहे. त्यात कौतुक काही नाही. दिवसभर त्या बंद घरात माझ्याशी बोलायला कोणी नसतं, मग तो बदलणार कसा?

लिफ्टमधून आम्ही दोघंही जिवंत बाहेर आलो. लेक तिथूनच कामावर गेला आणि मी वर घरात गेले.