थंड इंजिनाचा आवाज

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला अर्धं ठाऊक आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी मी ढिम्म बसून राहतो, मग ती आतून ओरडते, "कानात बोळे घातलेत का?" पण उरलेलं अर्धं तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय खरं.

शिरूर-चौफुला रस्त्याला माझं गॅरेज आहे. आमच्याकडं जुनी गाडी घ्यायची म्हटलं की माणूस आधी मेस्त्री शोधतो, मग गाडी. मेस्त्रीला सोबत न्यायचं, त्यानं बॉनेट उघडायचं, आणि तो 'ओके' म्हणाला की मगच नारळ फोडायचा. आसपासच्या गावांत तो मेस्त्री म्हणजे मी. का? तर माझा कान. लोक टायर बघतात, रंग बघतात, सीटकव्हरवर भुलतात. मी बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटायचो आणि इंजिनाच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचो. लोक म्हणायचे, "मेस्त्रीला गाडी कानात सांगती." आणि मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

पण गॅरेजच्या आधी मी अकरा वर्षं सणसवाडीत एका कारखान्याच्या प्रेसशॉपला होतो, दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात. तिथं कानात घालायला बोळे मिळायचे. मी ते खिशात ठेवायचो — बोळे घालणारा म्हणजे नाजूक, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. त्याचं पुढं काय व्हायचं ते झालं. माणसांचं बोलणं येतं, ट्रकचा हॉर्न येतो. बारीक, किणकिणते आवाज तेवढे गेले. कुकर गेला, मोबाईल गेला, सकाळची पाखरं गेली. हे मला कळलं होतं, बरं का. चांगलं कळलं होतं. तेव्हाच लोकांना सांगायला हवं होतं ना, की बाबांनो, दुसरा मेस्त्री बघा? नाही सांगितलं.

आणि मग सोपानआप्पा आले. शेवंती-झेंडूवाले, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, देवमाणूस. त्यांची थोरली पोर अश्विनी दौंडला एका दवाखान्यात लॅबमध्ये लागली होती. रक्त तपासायचं काम, सकाळी आठला हजर. तेवढ्या सकाळी आमच्या गावातून दौंडला जायला एसटी कुठली? "मेस्त्री, पोरीसाठी ल्हान गाडी बघायची हाय," आप्पा म्हणाले. "पेट्रोलला कमी खाणारी, आन् रस्त्यात दगा न देणारी. पोर एकलीच जाणार हाय, म्हून तुम्हीच चला."

सणसवाडीत एक सुपरवायझर बदली होऊन चालला होता, त्याची गाडी होती. पांढरी, छोटी, एकाच मालकानं वापरलेली. मी आदल्या दिवशीच त्याला बजावलं होतं, आम्ही येईपर्यंत चावी लावायची नाही. कारण इंजिन गरम झालं की खोड लपते. थंड इंजिन खरं बोलतं. गेल्यावर मी सायलेन्सरला हात लावून बघितला. गार. सगळं अगदी शिस्तीत केलं मी. चावी फिरवली, हात ठेवला, डोळे मिटले.

मला काहीच ऐकू आलं नाही. म्हणजे इंजिन ऐकू आलं — छान, गुळगुळीत.

अश्विनी माझ्या शेजारी उभी होती. तिनं मान जरा वाकडी केली. "मामा, आतून कसली तरी किरकिर येतेय का हो?"

आता तुम्हीच सांगा, त्या वेळी मी काय करायला हवं होतं? दुसऱ्या कुणाला ऐकायला लावायचं, पाच मिनिटांचं काम. पण आप्पा बघत होते, सुपरवायझर बघत होता. मी हसलो. "थंड इंजिन हाय पोरी, येवढा आवाज असतोच." आणि 'ओके' म्हणालो. तिथंच नारळ फुटला.

आठ महिन्यांत ती दोनदा गाडी घेऊन गॅरेजला आली. "मामा, सकाळी चालू करताना आवाज वाढलाय." दोन्ही वेळा मी बॉनेटवर हात ठेवला. दुसऱ्यांदा तर चारचौघांत म्हणालो, "तुझ्या कानालाच सवय लागलीय त्या आवाजाची." गॅरेजातली माणसं हसली. तीही ओशाळून हसली आणि निघून गेली.

पारगावच्या पुलाच्या अलीकडं गाडी बंद पडली. अश्विनी रस्त्याच्या कडेला दोन तास उभी होती. गाडी ओढून माझ्याकडंच आणली — दुसरीकडं कुठं नेणार? इंजिन मीच उघडलं. आतली टायमिंगची साखळी तुटली होती. तिला धरून ठेवणारी पट्टी झिजून पार कागद झाली होती. असली झीज आठ महिन्यांत होत नाही. गाडी घेतली त्या दिवशी साखळी ओरडत होती, आणि त्या पोरीनं ती ऐकली होती.

ती पट्टी मी भंगारात फेकली. मग हात पुसले आणि आप्पांना म्हणालो... हे तुम्हालाच सांगतोय. म्हणालो, "गाडी चांगली व्हती, आप्पा. पोरीनं ऑइल बघितलं न्हाई, आन् पळवलीय बी बेफाम."

ती समोरच उभी होती. "मी दर रविवारी ऑइल बघते," एवढंच म्हणाली. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मेस्त्रीचा शब्द! त्यांनी हात पुढं केला आणि तिच्याकडून चावी घेतली. त्यानंतर तिला गाडी मिळाली नाही. चार-दोन दिवस कुणाकुणाच्या गाडीवर गेली, उशीर व्हायला लागला, आणि नोकरी सुटली. आता ती आप्पांबरोबर शेवंती तोडते.

कान गेला यात माझा काय गुन्हा, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. पण माझ्या कानानं काही केलं नाही. जिभेनं केलं.

मागच्या महिन्यात आप्पांच्या विहिरीवरची मोटर जळाली. ती उघडून बघायला आप्पांनी मलाच बोलावलं होतं. अश्विनी सकाळपासून मोटरीजवळच्याच वाफ्यात फुलं तोडत होती. आप्पा चिडून म्हणाले, "आगं, जळायच्या आधी आवाज बदलला आसंल की. तुला आला न्हाई?"

"आला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच येतोय."

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. फुलांची पाटी उचलून ती पुढच्या सरीत गेली. मी मोटर सोडवत बसलो. नट काढले, झाकण उघडलं, आप्पांशी इकडचं तिकडचं बोललो. ती हाकेच्या अंतरावर होती. मी मोटर गाडीत टाकली आणि गॅरेजला परत आलो.

आवाज होता. तिला आला होता. मला आला नव्हता.