भागूबाईचा शेंदूर

भागूबाई गुरविणीला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती अंगठ्याचं नख उन्हात धरून बसली होती. नखावर शेंदराचा थेंब. हात आडवा केला, उभा केला. थेंब जागचा हलला नाही, तेव्हा कुठे तिने खल बाजूला सारला. "न्हाई वघळत. आता जाऊ दे द्येवाच्या अंगाला," म्हणाली. इंद्रायणीकाठच्या त्या गावात मी नवा शाळामास्तर होतो. देवळातला गणपती तीस वर्षं तिच्या शेंदरावर लालभडक होता. खलायची ती, लावायचा नवरा.

रंगाचं कारणही तीच सांगायची. "सिंदुरासुराला मारला आन् त्याचं रगत अंगाला फासलं. म्हून तांबडा. गरीब न्हाई त्यो, मास्तर. रागीट हाय." सांगताना तिचाच चेहरा रागीट व्हायचा.

नवरा वारला. तेरावा झाला आणि चावडीवर बैठक बसली. विधवेचा हात शेंदराला नको, असं पाटलांनी ठरवून टाकलं आणि पूजा तिच्या नवऱ्याच्या पुतण्याकडे दिली. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी त्या बैठकीत होतो. शाळा पाटलांच्या ओसरीवर भरायची, म्हणून तोंड शिवून बसलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुतण्या हौशी. चांगला वास यावा म्हणून त्याने जवसाच्या तेलाऐवजी खोबरेल घातलं. आठ दिवस झाले तरी शेंदूर वाळेना. चैत्राचं ऊन तापलं तसे सोंडेवरून ओघळ लागले, डोळे बुजले, गाभाऱ्यात मुंग्या झाल्या.

मग पाटील तिच्या दारात गेले. मलाही सोबत नेलं. म्हणाले, "भागूबाई, तू नुसता खलून दे. लावील पोरगा."

ती जात्यावरून उठलीसुद्धा नाही. "तीस वर्सं खलला तवा ह्यो हात चालला. नवरा मेला तर हाताला काय झालं? लावीन तर मीच. न्हाईतर ऱ्हाऊ द्या त्याला आंधळा."

पाटलांचा नाइलाज झाला. दोन दिवसांनी भर सकाळी, सगळं गाव बघत असताना, तिने गणपतीला शेंदूर लावला. ती घरी जाताच पाटलांनी गोमूत्र शिंपडून देव शुद्ध करून घेतला. निर्लज्जपणा असा, की शेंदूर मात्र खरवडला नाही. त्याच शेंदरापुढे डोकं टेकून लेकाला पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी मागितली.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो. बैठकीत बोललो नाही, चुकलंच माझं, असंही म्हणालो. ती शेंदूरच खलत होती.

"पार्वतीनं अंगाच्या मळाचा गणपती केला, ही गोष्ट शाळेत सांगता का, मास्तर?"

"सांगतो."

"नवऱ्याला इचारून केला व्हता का?"

"नाही. शंकर घरात नव्हता."

"मंग चावडीवर का न्हाई सांगितली?"

मी चपला घातल्या आणि निघालो.