मामांचे कान आणि गॅसचा पाइप

सांगलीजवळ साखर कारखान्याच्या मळीपासून गॅस करणाऱ्या प्लांटात लागलो, तवा मी कामापेक्षा नकलाच जास्त करायचो. मॅनेजरची शिंक, कंप्रेसरची धाप, कँटीनचा मिक्सर, सगळं.

कंप्रेसर सांभाळायला तोफखान्यातनं रिटायर झालेले एक फौजी होते. आमी त्यांना मामा म्हणायचो. एक दिवस ते मॅनेजरला म्हणाले, "फुल लोडवर ह्यो पाइप गुणगुणतोय. क्लॅम्पचा बोल्टबी ढिला होतोय."

"आवं मामा, तोफंनं तुमचे कान गेल्यात. तपासणीला पुण्याचे साहेब येऊ द्या. आवाज न्हाई निघाला तर तुमी गेटवर बसायचं."

मामांचं तोंड उतरलं. सुट्टीदिवशीबी मशीन बघून जाणारा माणूस तो. गेटवर काय बघणार, गाड्यांचे नंबर?

साहेब येणार म्हणून आमी नेहमीचं सगळं केलं. रांगोळी काढली, पाइपला पिवळा रंग मारला. पाव्हणं आल्यावर पोरांना गप बसवत्यात, तसं मॅनेजरनी मशीन निम्म्या लोडवर आणलं. साहेबांनी पाइपला कान लावला. पाइप लय संस्कारी निघाला. साहेबांचा कान तेवढा पिवळा झाला.

मामा मान खाली घालून उभे. मला राहवलं न्हाई. "साहेब, फुल लोडवर असा वाजतो," म्हणत मी "हूंऽऽऽ" काढला. मॅनेजरनी डोळे वटारले.

साहेब हसले न्हाईत. मोबाइल माझ्या तोंडापुढं धरून म्हणाले, "परत काढ." मग टेपनं पाइपला जोडलेला एक बंद फाटा मोजला. पुढंमागं लागंल म्हणून तो झाकण ठोकून ठेवलेला.

"गॅस याच्या तोंडावरनं जोरात जातो, रिकाम्या बाटलीवर फुंकर मारावी तसा. मोबाइलवरचा सुराचा आकडा फाट्याच्या लांबीशी जुळतोय. करा फुल लोड."

पाइपनं माझ्यापेक्षा झकास सूर लावला. बोल्ट टुणकन उडून साहेबांच्या बुटापाशी पडला.

फाटा कापला. रिपोर्टात आलं, 'मॅनेजरांच्या दक्षतेमुळे दोष सापडला.' मामा मात्र मशीनवरच राहिले.

आठवड्यानं त्यांनी मला बाजूला घेतलं. "गड्या, अजून गुणगुणतंय बघ."

मी पाइपला हात लावला. थरथर न्हाई, काय न्हाई. "मामा, पाइप गप हाय."

"व्हय," ते हळूच म्हणाले. "मलाबी तेच वाटाय लागलंय. माझा कानच गुणगुणतोय. ह्याची तेवढी नक्कल करू नगंस."